दुधाची गाठ

३ फेब्रुवारी

ताई,

तू फोन बंद ठेवलायस म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिला रागावू नकोस, ती बिचारी दोघींच्या मध्ये सापडली आहे. मी तिला म्हटलं, सख्ख्या बहिणीचा पत्ता भाचीकडे मागायची वेळ यावी म्हणजे कमाल आहे. ती म्हणाली, "मावशी, आई दिवसभर नुसती बसून असते. माझ्याशीही धड बोलत नाही. तूच काहीतरी लिही." तर लिहिते आहे. माझं अक्षर तुला माहीतच आहे, चष्मा लावून वाच.

मी बरी आहे. ऑपरेशन नीट झालं. उजवी बाजू पूर्ण काढली, काखेतल्याही काही ग्रंथी काढल्या. भूल उतरल्यावर मी डोळे उघडायच्या आत त्यांनी पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. घोडा दौडत सुटावा तसे. आता हात खांद्याच्या वर जात नाही, पण भिंतीला बोटं लावून रोज थोडा थोडा वर चढवते. फ्रेमच्या दुकानात मालकांनी काच कापायला सक्त मनाई केली आहे. त्या हाताला आता ओरखडासुद्धा चालत नाही म्हणे. तेव्हा मी सध्या फक्त फोटोंच्या कडेची पुठ्ठ्याची चौकट कापते, तीही मालक शेजारी उभे राहून. मी बिघडवीन असं वाटतं त्यांना.

त्या दिवशी रिपोर्ट हातात आल्यावर तू म्हणालीस, "मी चहा घेऊन येते." मी बाकावर बसून राहिले. कँटीनमध्ये गर्दी असेल असं वाटलं. मग वाटलं, कुणी ओळखीचं भेटलं असेल, त्या हॉस्पिटलात तुला कोण ओळखत नाही! शेवटी झाडूवाल्या बाईने विचारलं, "कुणाची वाट बघताय?" तेव्हा मी उठले आणि एकटीच घरी आले.

एक गोष्ट मुद्दाम कळवते. मी डॉक्टरबाईंना विचारलं की हे डिसेंबरात कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, काही फरक पडला नसता. अगदी याच शब्दांत. तेव्हा तू ते डोक्यातून काढून टाक.

तुझी,
धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझी लेक म्हणते, तू पत्र वाचतेस आणि मग उठून घासलेलीच भांडी पुन्हा घासतेस. निदान भांडी तरी चकचकीत झाली.

गेल्या आठवड्यात पहिलं औषध दिलं. लालभडक असतं. बाळाचे पहिले तीन महिने संपल्यावर ते देता येतं, तिथपर्यंत पोचत नाही किंवा पोचलं तरी फारसं बाधत नाही, असं डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. किरण मात्र बाळ बाहेर आल्यावरच. तुला हे सगळं माहीत असेल. मी तुला सांगतेय म्हणजे मेट्रनला थर्मामीटर कसा लावायचा ते शिकवल्यासारखं आहे. पण मला दुसऱ्या कुणाला सांगताच येत नाही, म्हणून तुला सांगते.

औषधाच्या खोलीत ओळीने खुर्च्या आहेत. पोट घेऊन आलेली मी एकटीच. शेजारच्या आजी म्हणाल्या, "चुकून इकडे आलीस का ग? बाळंतपणाचं तिकडे, खालच्या मजल्यावर." मी म्हटलं, "आजी, माझं दोन्हीकडे खातं आहे." त्या हसल्या नाहीत. दोन दिवसांनी खालच्या मजल्यावर गेले, तर तिथल्या बायका माझ्या हातावरची पट्टी बघून जरा सरकून बसल्या. त्यांचा काही दोष नाही, पोटुशी बाई भीतीपासून लांबच बसते. पण वरच्या मजल्यावर मी गरोदर बाई आणि खालच्या मजल्यावर पेशंट. जिन्यात तेवढी मी कुणाला खटकत नाही.

आमचे ड्रायव्हरसाहेब आठवड्यातून एकदा येतात. ट्रक कोपऱ्यावर लावून जिना चढतात आणि मग दारात असे उभे राहतात की जणू सामान उतरवायचा पत्ता चुकला आहे. तुला सांगितलं नव्हतं, जानेवारीत ते एकदा म्हणाले, "पोर पुन्हा होईल. तू पुन्हा कुठून आणू?" ट्रकमध्ये बसून म्हणाले, समोर रस्त्याकडे बघत. मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाळ काढल्याने आजार बरा होण्याची शक्यता वाढत नाही, निर्णय तुमचा. मी ठेवायचं ठरवलं. ते "बरं" म्हणाले आणि तेव्हापासून बाळाला 'पार्सल' म्हणतात. फोनवर पहिला प्रश्न, "पार्सल काय म्हणतंय?" माझ्याबद्दल विचारायला घाबरतात.

तू असतीस तर या माणसाला एका वाक्यात सरळ केलं असतंस.

धाकटी


१७ मार्च

ताई,

केस गेले. मीच सगळे काढून टाकले, उशीवर रोज थोडे थोडे सापडणं नको वाटलं. आरशात आपले बाबा दिसतात. कान तर हुबेहूब त्यांचेच. आयुष्यभर झाकून ठेवले होते, आता सगळ्या गावाला दाखवत फिरते.

दुसरंही औषध झालं. तोंडाची चव गेली आहे, पाव खाल्ला काय आणि पुठ्ठा खाल्ला काय. दुकानात जाते, घरी बसून भिंती किती बघायच्या? काल एक बाई फोटो घेऊन आली. तिच्या मुलीचा, मुलगी बाळाला पाजते आहे, असा. सुंदर होता. तिला विचारलं, कडेला पुठ्ठा किती ठेवू, तर म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तेवढा." मी फोटोवर पट्टी ठेवली आणि माझ्या लक्षात आलं की मी फ्रेमचं माप घेतच नाहीये, त्या बाळाच्या तोंडाकडे बघते आहे. मालकांनी पट्टी हळूच हातातून काढून घेतली आणि स्वतः माप घेतलं. त्या भल्या माणसाने एक शब्द विचारला नाही, आणि कुणीतरी विचारावं असं मला फार वाटत होतं.

औषध झालं की दोन दिवस पार्सल गप्प असतं. गार पाणी पिऊन डाव्या कुशीवर पडते आणि वाट बघते. हे तूच वॉर्डातल्या बायकांना सांगायचीस. तुला आठवतं, मी डबा घेऊन यायचे तेव्हा तू एका हाताने खात, बोलत, हसत दुसरा हात एखादीच्या पोटावर ठेवून सांगायचीस, "डोकं खाली आहे, पाठ डावीकडे, चल ऊठ, चालायला लाग." बघायचीसुद्धा नाहीस. नव्या डॉक्टरांनाही आधी तुझा हात लागायचा आणि मग त्यांचं मशीन.

लाथ मारली की मी मोठ्याने "हं" म्हणते. रिकाम्या घरात तो आवाज विचित्र वाटतो.

दोन ओळी लिही. "पत्र मिळालं" एवढं लिहिलंस तरी चालेल.

धाकटी


८ एप्रिल

ताई,

आज नमस्कार-चमत्कार नाही.

तुझ्या लेकीने सांगितलं की तू नोकरी कायमची सोडलीस. तू तिला म्हणालीस, "हे हात आता कुणाच्या अंगाला लावायचे नाहीत." आणि असंही म्हणालीस, "फरक पडला नसता, हे तिने मला बरं वाटावं म्हणून लिहिलंय."

हो. खोटंच लिहिलं होतं. डॉक्टरबाई तसं म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित तेव्हा काखेत पोचलं नसतं. कदाचित तेव्हाही पोचलेलं असतं." मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा हेच सांगितलं. आता तुझ्याकडे खरं उत्तर आहे. घे. भांडी घास.

डिसेंबरात तू माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस. मी म्हटलं, ताई, इथे काहीतरी लागतंय. तू हात पुसलेस, दाबून बघितलंस, तोंडाने वॉर्डातल्या त्या जुळ्यांची गोष्ट चालूच होती. गोष्ट न थांबवता म्हणालीस, "दुधाची गाठ आहे. अशा हजार पाहिल्यात. शेक दे." आणि मी शेकत बसले. तू सांगितलंस म्हणजे विषय संपला. जानेवारीत बाळाच्या तपासणीला गेले, तर ओपीडीत नेहमीच्या डॉक्टर रजेवर होत्या आणि बदलीवर आलेल्या मुलीला तू कोण ते माहीत नव्हतं, म्हणून तिने छातीची सोनोग्राफी करायला लावली. माझी ताई मेट्रन आहे, तिने बघितलंय, असं मी त्या मुलीला ऐकवलंसुद्धा. ती म्हणाली, "बघितलं असेल, तरी करून घ्या." मला तिचा राग आला होता.

मला राग आहे, ताई. तू चुकलीस याचा आहेच. गरोदर बाईची छाती बदलत असते, गाठी लागतात, शंभरात नव्याण्णव वेळा काही नसतं, म्हणून भलेभले चुकतात, असं डॉक्टरबाईही म्हणाल्या. ते मला डोक्याने कळतं. पण त्याहून जास्त राग तू गेलीस याचा आहे. आजार मला झाला आणि अंथरूण तू धरलंस. माझ्या वाटणीचं रडूसुद्धा तूच उचलून नेलंस. मी इथे सगळ्यांना धीर देत बसते, मालकांना, ड्रायव्हरला, तुझ्या लेकीला, आणि वर पत्रातून तुला. मला धीर द्यायला कोण आहे?

हे पत्र टाकू की नको असं झालंय. टाकतेच.


४ मे

ताई,

मागच्या पत्राबद्दल मी काही परत घेत नाही. तरीही हे लिहिते आहे.

चार औषधं झाली. आता बाळंतपण होईपर्यंत सुट्टी, म्हणजे अंगातल्या पेशी पुन्हा भरून येतील आणि बाळंतपणात जंतू लागायची भीती राहणार नाही. पार्सल जरा लहान आहे, पण वाढ थांबलेली नाही. या महिन्याच्या मध्यावर कळा आणवून मोकळं करायचं ठरलं आहे. अजून आत ठेवलं तर त्याचं भलं, पण मग माझी पुढची औषधं लांबतात. दोघांच्या सोयीचा दिवस काढला आहे.

बाळंतपण तुझ्याच वॉर्डात आहे. तिथल्या सिस्टर तुझी चौकशी करतात. कुणाला काय झालं ते माहीत नाही, तू आजारी आहेस असं त्यांना वाटतं. मी काही सांगितलेलं नाही. तुझी जुनी मावशी, ती पलंग लावणारी, म्हणाली, "बहिणीचं बाळंतपण आणि मेट्रन नाहीत, असं कसं?" मी म्हटलं, येईल.

ये ना ग. मला त्या खोलीची भीती वाटते आहे. मरायची नाही, ती भीती आता रोजची झाली आहे, चहासारखी. भीती याची वाटते की बाळ बाहेर येईल आणि त्या खोलीत माझं म्हणावं असं कुणी नसेल. ड्रायव्हरना आत घेतलं तर त्यांनाच पलंग द्यावा लागेल.

आणि तू स्वतःला तपासून घे. सख्ख्या बहिणीने घ्यायचंच असतं, डॉक्टरबाईंनी बजावलं आहे. ही विनंती नाही.

धाकटी


२५ मे

ताई,

मुलगी झाली. दोन किलोला जराशी कमी. रंगाने लाल, डोक्यावर भरपूर केस. माझ्या टकलाकडे बघून सिस्टर म्हणाली, "आईचे घेऊन आली वाटतं." मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. काचेच्या पेटीत ठेवली होती, आता बाहेर आहे. सगळ्या तपासण्या केल्या, वारसुद्धा तपासायला पाठवली. सगळं ठीक आहे. तिच्यापर्यंत काही पोचलेलं नाही.

मी शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. दार कितीदा उघडलं! इतक्या माणसांचं त्या खोलीत काय काम असतं, देव जाणे. दर वेळी मान वळायची. शेवटी डॉक्टर ओरडल्या, "तिकडे काय बघताय, इकडे लक्ष द्या, जोर लावा." जोर लावला.

तुला एक विचारायचं होतं. त्या दिवशी तू असतीस तर तिथेच विचारलं असतं. दूध न येण्यासाठी त्यांनी गोळी दिली होती, कारण पुढची औषधं लगेच सुरू होणार, तिला पाजता येणार नाही. तरी तिसऱ्या दिवशी डावीकडे दूध आलं. उजवीकडे नुसती सपाट शिवण आणि डावीकडे गाऊन भिजलेला. ती शेजारच्या पाळण्यात दुसऱ्या बायकांनी दान केलेलं दूध बाटलीने पीत होती, आणि तिने रडायला तोंड उघडलं की माझं वाहायला लागायचं. घट्ट बांधा म्हणाले, थंड पट्टी ठेवा म्हणाले. मी बांधून बसले. समोरची बाई पाजत होती, तिने माझ्याकडे पाठ केली. चांगल्या मनाने केली. मला वाटलं, आता या जगात माझ्याइतकं एकटं कुणी नसेल.

इतक्या बायकांचं दूध तू आणवलंस, इतक्यांचं आटवलंस. माझं आटवताना मी एकटी होते.

मी तुला माफ केलेलं नाही. ते कधी होईल की नाही मला माहीत नाही, आणि त्यासाठी थांबायला आता वेळ नाही. जूनमध्ये औषधं पुन्हा सुरू होणार. ड्रायव्हर रजा संपवून गेले. औषधाच्या दिवसांत मला उलट्या होतात, हात थरथरतो, त्या हाताने मी दोन किलोचं पोर उचलणार नाही. कुणीतरी तिला धरायला पाहिजे. माफी मिळाल्यावर ये असं म्हणत बसलीस तर ती तोवर शाळेत जायला लागेल. तशीच ये.


११ जून

ताई,

तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी पत्र लिहिते आहे. कुणी बघितलं तर दोघींना वेड्यात काढेल. पण तोंडाने बोलायला गेलं की तू बाटल्या उकळायला उठतेस.

गुरुवारी दार उघडलं तर तू बॅग घेऊन उभी. पाच महिन्यांनी तुझं पहिलं वाक्य काय, तर "बाळाला एवढं गुंडाळलंय कशाला, उकडतंय तिला." आणि सरळ आत. मी दार धरून तशीच उभी. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. हे तुला कळलं असेलच, भिंती पातळ आहेत.

तू आल्यापासून पोरगी दूध नीट पिते. तिला खांद्यावर टाकून तू पाठीवर दोन बोटं फिरवतेस आणि ती ढेकर देते, मी अर्धा अर्धा तास थोपटत असायचे. औषधाच्या दिवशी मी पडून होते आणि तिचा रडण्याचा आवाज आला नाही, तेव्हा पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. तू स्वतःला तपासून घेतलंस, सगळं ठीक आहे, हे तुझ्या लेकीकडून कळलं. तू सांगितलं नाहीस.

पण माझ्या अंगाला तू अजून बोटसुद्धा लावलेलं नाहीस. चहाचा कप हातात देत नाहीस, टेबलावर ठेवतेस. मी कपडे बदलायला लागले की खोलीतून जातेस. काल चक्कर आली तेव्हा तू हात पुढे केलास आणि मग खुर्ची पुढे सरकवलीस. मी बघितलं.

आता नीट वाच. भांडी नंतर.

डॉक्टरबाईंनी दर महिन्याला डावी बाजू हाताने तपासायला सांगितली आहे. त्या मशीन लावतीलच, त्यांच्या तारखा ठरलेल्या आहेत, पण मधल्या काळात घरी बघायचं. मला ते जमत नाही. दूध नुकतं आटलंय, जागोजागी कठीण लागतं, आणि जिथे बोट लागेल तिथे मला तेच वाटतं. हात काढून घेते आणि मग दिवसभर त्याच जागेचा विचार करत बसते. ड्रायव्हरांना सांगून उपयोग नाही, ते डोळे मिटून घेतील.

तू तपास. मला दुसऱ्या कुणाचा हात नको आहे. तू चुकू शकतेस हे आता मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे, त्यामुळे तू गोष्टी सांगत तपासणार नाहीस. कसली गाठ आहे ते मला तू सांगायचं नाही. काही लागलं तर एवढंच म्हणायचं, "इथे लागतंय, उद्या दाखवू." नाही लागलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा.

मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि मला तुझा हात हवा आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि कळेपर्यंत थांबायचं नाही असं मी ठरवलं आहे.

हे पत्र दुधाच्या बाटलीखाली ठेवते, म्हणजे तुला दिसेल. पोरगी पिऊन झोपली की माझ्या खोलीत ये. आणि येताना हात गरम पाण्याखाली धर जरा, तुझे हात नेहमी बर्फासारखे असतात.

धाकटी